दहा मिनिटं ओलं

नाही नाही ताई, ती कापसाची काडी नळीतच राहू द्या. इतक्यात नाही. टेबल अजून ओलं आहे — दिसतंय ना चकाकताना? आत्ताच फवारलंय. दहा मिनिटं जाऊ द्यायची. ते गजराचं घड्याळ लावून ठेवलंय, वाजलं की तुमचं काम सुरू. तोवर बसा या स्टुलावर. आणि ती एक बट टोपीत घ्या — हां, तीच. रागावून नाही सांगत हो, इथं सगळ्यांनाच सांगतो. मालकांनासुद्धा सांगतो, टोपी नीट घाला म्हणून, आणि मालकांना तर केसच नाहीत.

पहिल्यांदाच आलात ना आमच्याकडे? वाटलंच मला. यादी हातात धरून आत शिरलात म्हणून. तुमच्या प्रयोगशाळेतून आधी ते काका यायचे, आम्ही त्यांना काडीवाले काका म्हणायचो. अकरा वर्षं आले. भला माणूस. महिन्यातला पहिला मंगळवार, सकाळी साडेदहा, आणि पाच जागा ठरलेल्या — पहिल्या टेबलाचा डावा कोपरा, दुसऱ्या टेबलाचा डावा कोपरा, वजनकाट्याची ताटली, सिंकचा काठ आणि दाराची मूठ. डावाच कोपरा का? तर दार डावीकडे आहे म्हणून. गुडघे धरलेले त्यांचे, वाकायचं नाही, चढायचं नाही, हात जाईल तिथं काडी फिरवायची. त्यांच्या स्कूटरचा आवाज फाटकात आला की आमच्या पाच जणी पाच फडकी घेऊन पाच जागांवर उभ्या, कुणी सांगायची गरज नाही. ती मूठ तर इतकी घासली गेली की तिचा मुलामा उडाला. अहवाल काय यायचा? शून्य. दर महिन्याला शून्य. जंतू नावाचा प्रकार आमच्या कारखान्यात कुणी ऐकलेलाच नाही असा अहवाल — आता हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? लिहू नका हं हे. काका गेले, त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं. म्हणजे निवृत्त झाले हो, चांगले आहेत, परवा भाजी घेताना भेटले.

वास येतोय ना? लवंगेचा. पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस दारातच दाढेला हात लावतो. तुम्हीही लावलात, बघितलं मी. लवंगेचं तेल आहे यात, आणि ओव्याचं, आणि ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून आणखी एक पदार्थ, तोही झाडाचाच. बाकी पाणी. आमच्या बायका त्याला लवंगपाणी म्हणतात. कागदावर मोठं नाव आहे, वनस्पतिजन्य जंतुनाशक द्रावण, पण ते म्हणेपर्यंत पपई पिकून जाईल. पपई, अननस, कलिंगड, खरबूज, चारच फळं कापतो आम्ही. कापायची, डब्यात भरायची, गाडीत घालायची. साधं काम. पण कापलेल्या फळासारखी जंतूंची चैन कुठं नाही, गोड, ओलं, साल नाही. त्यामुळं टेबल, सुरी, काटा, जिथं जिथं फळ टेकतं ते सगळं आधी जंतुरहित पाहिजे. हे मी नाही म्हणत, ही म्हणायची.

ही म्हणजे — मॅडम. आमच्या गुणवत्ता विभागाच्या मॅडम. विभाग म्हणजे काय, त्या, एक खुर्ची आणि एक फ्रिज. आणि घरी माझी बायको. होय, एकच बाई. मी सफाईचा मुख्य, बावीस वर्षं इथं आहे, आणि ती माझ्यावरची. सकाळी साडेआठला फाटकातून आत आलो की मी ‘मॅडम’ म्हणायचो, संध्याकाळी बाहेर पडलो की ‘अगं’. ती मात्र आत-बाहेर एकच, ‘अहो’. ‘अहो, ते फडकं कुणाचं?’ ‘अहो, हात धुतलेत का?’ बायका हसायच्या. थोरल्या मावशी, ती पपईवाली, दाराशी उभी आहे ना ती, ती तर म्हणायची, मुकादम, तुमची सुटी कधीच होत नाही.

आधी इथं क्लोरीनचं पाणी होतं. सगळीकडं असतं. काम करतं, नाही म्हणत नाही. पण डोळे झोंबायचे, आणि मावशींचे हात तुम्ही बघायला हवे होते. पापुद्रे निघायचे. हातमोज्यांच्या आतून जायचं की काय कुणास ठाऊक. एक दिवस ही मावशींचा हात धरून बसली, उलटा केला, सुलटा केला, आणि काही बोलली नाही. ही बोलली नाही की मी घाबरायचो. त्या रात्रीपासून आमच्या घरी लवंग. आठ महिने, ताई! चहाला लवंग, दुधाला लवंग, उशीला लवंग. मिक्सर तर फेकूनच द्यावा लागला. पाहुणा आला की विचारायचा, दाढ कुणाची दुखतेय? मी म्हणायचो, अजून कुणाची नाही, पण दुखलीच तर आमची सोय आहे.

आणि नुसतं करून थांबली असती तर! मोजायची. तुमच्यासारख्या काड्या आणि त्या जेली भरलेल्या काचेच्या बशा घरी आणलेल्या. ओट्यावर काडी, फ्रिजच्या दारावर काडी, माझ्या मोबाइलवर काडी. एका रविवारी मी पेपर वाचत बसलोय आणि हिनं येऊन माझ्या मिशीवरून काडी फिरवली. दोन दिवसांनी बशी दाखवली. नुसती गजबजलेली! म्हणाली, अहो, आपल्या मोरीची जाळी तुमच्या मिशीपेक्षा बरी आहे. मला मिशी शोभायची, ताई. पंचवीस वर्षांची मिशी. त्याच दिवशी काढली. तेव्हापासून आरशात माझा धाकटा भाऊ दिसतो, आणि आमचं पटत नाही.

तर ती पद्धत. लवंगपाण्याची पद्धत आहे, ते क्लोरीनसारखं माफ करत नाही, असं ती म्हणायची. आधी खरवडायचं. मग साबणानं घासायचं, ब्रशनं, फडक्यानं नाही. मग पाणी. मग ही बाटली हलवायची, चाळीस वेळा, कारण तेल वर येऊन बसतं. नाही हलवली तर आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसती लवंग. एकदा तसं झालंही. कुणीतरी न हलवता शेवटचं फवारलं आणि त्यावर खरबूज कापलं. गिऱ्हाइकाचं पत्र आलं, तुमचं खरबूज खाऊन माझी जीभ बधिर झाली. मालकांच्या जावयांनी ते पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलं. हां, तर चाळीस वेळा हलवायची, फवारायचं, आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. ओलं! सुकलं तर पुन्हा मारायचं. दहा मिनिटांच्या आत पुसायचं नाही, हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही. मग फळ ठेवायच्या आधी पाणी. बस.

जावई? ते म्हणजे मालकांचे, धंदा बघायला आले दोन वर्षांपूर्वी. त्यांना क्लोरीन परत आणायचंय. झाडपाल्यानं जंतू मरतात होय, म्हणाले, मग जंगलात कुणी आजारीच पडलं नसतं. ही म्हणाली, सहा महिने द्या. महिन्याला एक अहवाल, सहा अहवाल. जंतूंचे आकडे सगळे शंभराच्या आत आले तर लवंगपाणी कायम. एक जरी वर गेला तर क्लोरीन. मालक हो म्हणाले. आणि पहिल्या दिवशी हिनं काय केलं माहितीय? ते पाच जागांचं नाटक बंद. कारखान्यातल्या साठ जागांच्या चिठ्ठ्या केल्या, वाडग्यात घातल्या आणि काकांपुढं धरल्या, काढा पाच. काकांनी काढली पहिली चिठ्ठी — सरकत्या पट्ट्याची खालची बाजू! काकांचा चेहरा असा झाला, जसं त्यांना विहिरीत उतरायला सांगितलंय. मग हिनं पिशवीतून एक उशी काढली, गुडघ्याखाली घ्यायला. शिवून आणलेली. काका बिचारे उशीवर बसून काडी फिरवत होते आणि म्हणत होते, बाई, अकरा वर्षांत कुणी मला इतकं प्रेमानं छळलं नाही.

पहिला अहवाल, सात. दुसरा चार. तिसरा सहा. खरे आकडे, ताई. शून्यापेक्षा मला ते चार जास्त आवडले. आज सहावा. म्हणजे आजचा शेवटचा, म्हणूनच तुम्हाला वर जावयांनी चहा दिला असेल. नाहीतर ते कुणाला चहा देत नाहीत.

तिसऱ्या अहवालानंतर ती गेली. अडीच महिने झाले. नाही, फार दिवस नाही, अकरा दिवस दवाखान्यात. तिथंही गप्प नव्हती. वॉर्डात पुसायला बाई आली की विचारायची, किती मिनिटं ओलं ठेवता? ती बाई म्हणाली, आजी, इथं ओलं ठेवलं तर डॉक्टर घसरतील. ही हसली. आजी म्हटल्याचा राग आला नाही, मला वाटलं, आता मात्र बरं नाही हिला.

असो. चौथा अहवाल आला, एक्केचाळीस. पाचवा आला अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी! आणि तेसुद्धा काकांच्या जुन्या पाच जागांवरून. चिठ्ठ्या काढायला आता कोण धरणार वाडगा, मी म्हटलं, काका, तुम्ही आपले पूर्वीसारखेच घ्या. तरी अठ्ठ्याऐंशी. म्हणजे बघा, लवंगपाणी ढिलं पडलं की काय? मी तर तिच्या वहीतूनच करतो, थेंब न् थेंब. म्हणून मला वाटायला लागलं, ती होती तोवर तिच्या धाकानंच जंतू मरत होते. आणि मी जर अधूनमधून ते — म्हणजे मी जर आधी तो हात मारला नसता, तर अठ्ठ्याऐंशीचे आठशे झाले असते.

काय? कसला हात?

काही नाही. म्हणायची पद्धत आहे.

ताई, तुम्ही अशा बघू नका. तुमचं वय माझ्या पुतणीएवढं, पण बघता तुम्ही हिच्यासारख्या. बरं. सांगतो. पेन खाली ठेवा. ती गेल्यावर चौथ्या अहवालाचा दिवस आला आणि माझी झोप गेली. म्हटलं, आता ती नाही, आणि आता जर ते नापास झालं, तर माणसं काय म्हणतील? म्हणतील, बाई गेल्या आणि बाईंचं पाणीही खोटं निघालं. जिवंतपणी नापास झाली असती तर भांडली तरी असती. आठ महिने पुन्हा केलं असतं. आता कोण करणार? म्हणून मागच्या खोलीत क्लोरीनचा जुना कॅन होता, तो काढला. तुमचे काका यायच्या आधी सगळ्या टेबलांवरून त्याचा एक हात फिरवला. आणि वरून लवंगपाणी. वासापुरतं. म्हणजे कुणाला कळू नये म्हणून. चौथ्याला केलं. पाचव्याला जरा जास्तच केलं. आणि आज सकाळी — हो, आजही. या टेबलांवर. झालं, सांगून टाकलं.

बरं, विचारा मग, विचारायचं असेल ते.

घासलं होतं का? म्हणजे आधी? अहो, क्लोरीन मारलं ना. क्लोरीन मारल्यावर घासायचं कशाला, क्लोरीन म्हणजे — नाही. साबण नाही लावला. ब्रशही नाही. वेळ कुठं होता, बायका यायच्या आत उरकायचं होतं, कुणी बघितलं असतं तर? आणि दहा मिनिटं? सकाळी घड्याळ लावलं होतं की, आत्ता हे फवारलंय ते फक्त तुम्हाला दाखवायला. लावलं होतं, पण वाजू दिलं नाही. क्लोरीननं आपलं काम केलंय, मग लवंगपाणी ओलं ठेवून काय करायचं, म्हणून कोरड्या फडक्यानं — एकाच फडक्यानं — पहिलं, दुसरं, काटा, सिंक —

थांबा. थांबा जरा.

कॅन? कशाला हवाय कॅन? हा बघा, या खिडकीखाली. इथंच असतो. हो, ऊन येतं, दिवसभर येतं. केव्हापासून म्हणजे, सहा महिन्यांपूर्वी बंद केलं तेव्हापासून. झाकण फुटलेलं आहे त्याचं. घ्या वास. काय? वास नाही? काहीतरीच काय, क्लोरीनला वास नाही म्हणजे — द्या इकडं. 

नाही हो येत.

म्हणजे हे मेलेलं आहे. उन्हात बसून बसून मेलं. म्हणजे ताई, मी तिन्ही वेळा टेबलांना नुसतं पाणी लावत होतो? न घासता? एका फडक्यानं सगळीकडचं सगळीकडं नेत होतो, आणि वरून बायकोचं अत्तर शिंपडत होतो? बावीस वर्षं सफाई करतोय मी! हिनं ऐकलं असतं तर — तर काही बोलली नसती. तेच तर. मावशींचा हात धरला होता तशी माझ्याकडं बघत बसली असती.

म्हणजे ते एक्केचाळीस माझे. अठ्ठ्याऐंशीही माझेच. तिचे सात, चार, सहा. तिचं पाणी नापास झालंच नाही. त्या टेबलांना मी ते रीतसर लावलंच नाही.

हे घड्याळ वाजलं. वाजू दे, बंद करतो. नाही ताई, या टेबलांवर काडी नका फिरवू. हे टेबल खोटं आहे. तुम्ही काडी फिरवाल, आकडा येईल शंभराच्या वर, जावई क्लोरीन आणतील, मावशींचे हात पुन्हा — आणि नाव तिचं जाईल, माझ्या फडक्यापायी. तुम्हाला घाई आहे का? तासभर? मी सगळी टेबलं पुन्हा करतो, तुमच्या डोळ्यांदेखत, खरवडण्यापासून. मावशीऽ, ब्रश आणा! सगळे! काय झालं ते नंतर सांगतो — नाही, जंतू नाही सापडले, मी सापडलो!

आणि तुमच्या त्या कागदावर शेऱ्याचा रकाना आहे ना, तिथं लिहा. चौथा आणि पाचवा अहवाल धरू नयेत. सफाई प्रमुखानं पद्धत पाळली नाही, लपवून दुसरं वापरलं. होय, नाव घालून लिहा, सही करतो. काढतील मला? काढतील कदाचित. जावई तर वाटच बघताहेत. आता घरी बसून काय करायचं हा प्रश्न आहे खरा, पण तो नंतर बघू. लिहा. ‘लपवून’ शब्द राहू दे, खोडू नका, तोच बरोबर आहे.

मधल्या वेळात तुम्हाला एक जागा दाखवतो. या इकडं. हे चकत्या करायचं यंत्र. याला मी क्लोरीन कधीच लावलं नाही, मेलेलं पण नाही. पातं गंजतं म्हणून दुरुस्तीवाला शिव्या घालतो. त्यामुळं इथं फक्त तिचं पाणी, सहा महिने, रोज. आणि रीतसर. का म्हणजे? हे शेवटी धुतात, सगळ्या बायका गेल्यावर, मग ती आणि मी दोघंच असायचो. ती बाटली हलवायची, मी घासायचो. आता मीच हलवतो आणि मीच घासतो, पण करतो सगळं तसंच. इथं घाई करावीशी वाटली नाही. काल संध्याकाळी केलं, आज सकाळी पुन्हा केलं. तुमच्या काकांनी इथं कधी काडी लावली नाही, कारण खाली वाकून हे चार स्क्रू काढावे लागतात आणि या पत्र्याच्या आत हात घालावा लागतो. अख्ख्या कारखान्यात याच्यापेक्षा वाईट जागा नाही. अननसाचे धागे अडकतात इथं. 

घ्या. इथली घ्या पहिली. 

भीती? वाटतेय की. हे बघा, स्क्रूसुद्धा सरळ निघत नाहीये. पण इथं जो आकडा येईल तो तिचा, मग दोन येवो की दोनशे. येऊ दे. तिला खोटा शून्य चालायचा नाही.

हा पत्रा धरतो मी. आता मास्क नाकावर घ्या — आणि एक सांगायचं राहिलं. नळीचं बूच निघाल्यापासून परत लागेपर्यंत इथं कुणी बोलायचं नाही. बोलताना थुंकी उडते, दिसत नाही, पण सगळा नमुना बिघडतो. तिचा नियम. मला तर हात जोडून सांगायची, अहो, एवढं एक मिनिट. बाकी जे काही बोलायचं ते घरी गेल्यावर बोला, मी ऐकते. घरी गेल्यावर —

काढा बूच.